अमेरिकेत ब्रिटिश मालिका कशा पोहोचतात?

२५ डिसेंबर २०१२ च्या रात्री ब्रिटनमधील आयटीव्ही वाहिनीवर ‘डाउनटन ॲबी’ या मालिकेचा नाताळ विशेष भाग दाखवण्यात आला आणि त्याच्या अखेरीस मालिकेतील एका लाडक्या पात्राचा मोटार अपघातात मृत्यू झाला. पाहता पाहता ही बातमी वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर सर्वदूर पसरली. ब्रिटनमध्ये सप्टेंबरमध्येच सुरू झालेला मालिकेचा तो तिसरा हंगाम अमेरिकेत मात्र सुरूही झालेला नव्हता. तिथे तो ६ जानेवारी २०१३ रोजी सुरू झाला आणि अपघाताचा प्रसंग तिथल्या प्रेक्षकांनी पाहिला तो थेट १७ फेब्रुवारीला. नायकाचे पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या असंख्य अमेरिकी प्रेक्षकांनी तरीही दर रविवारी इमानेइतबारे सगळे भाग पाहिले.

या उशिरामागे पीबीएस या अमेरिकेतील सार्वजनिक प्रक्षेपण व्यवस्थेचा हिशेब होता. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या बड्या व्यावसायिक वाहिन्या आपापल्या नव्या मालिका घेऊन उतरतात. त्या गर्दीत प्रसिद्धीवर पैसा ओतण्याची ऐपत नसलेल्या सार्वजनिक वाहिनीने न शिरलेलेच बरे, असा तो विचार. हिशेब चुकला असे म्हणता येणार नाही, कारण जानेवारी २०१४ मध्ये चौथ्या हंगामाच्या पहिल्या भागाला अमेरिकेत सुमारे १ कोटी २ लाख प्रेक्षक लाभले आणि सार्वजनिक वाहिनीवरील नाट्यमालिकेच्या दृष्टीने हा आकडा अचाट होता. तरीही प्रश्न उरतोच. दोन्ही देशांची भाषा एक, इंटरनेट दोन्हीकडे घरोघरी, आणि मालिका तर तयार होऊन पडलेली. मग एका देशातील प्रेक्षकाला दुसऱ्या देशातील मालिका त्याच दिवशी का पाहता येऊ नये?

याचे उत्तर हक्कांच्या व्यवहारात आहे. मालिका ‘विकली’ असे आपण म्हणतो तेव्हा खरे तर अमुक देशात, अमुक मुदतीपर्यंत, अमुक माध्यमातून ती दाखवण्याचा हक्क तेवढा विकलेला असतो. कोकणात आंब्याची बाग हंगामापुरती खंडाने दिली जाते, तेव्हा झाडे मालकाची राहतात आणि त्या वर्षीचे फळ खंड भरणाऱ्याचे होते; हा व्यवहार बराचसा तसाच आहे. मुदत संपली की हक्क मालकाकडे परत जातात, आणि पुढच्या वेळी दुसराच कोणी जास्त बोली लावून ते घेऊन जातो. अमेरिकी प्रेक्षकाची आवडती मालिका एके सकाळी नेहमीच्या ॲपवरून नाहीशी होते ती बहुधा यामुळेच.

त्यात मालक नेमका कोण, हेही पडद्यावरील बोधचिन्हावरून कळत नाही. मालिका बीबीसीवर दाखवली गेली म्हणून ती बीबीसीच्या मालकीची असतेच असे नाही. ब्रिटनमध्ये २००३ च्या दूरसंचार कायद्यानंतर जी व्यवहारसंहिता आली, तिच्यामुळे स्वतंत्र निर्मातासंस्थांना आपल्या कार्यक्रमांचे परदेशी हक्क स्वतःकडे ठेवता येऊ लागले. वाहिनीला मिळतो तो मुख्यतः मायदेशी प्रक्षेपणाचा हक्क. म्हणून बीबीसीवरच्या दोन मालिका अमेरिकेत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांकडे गेलेल्या दिसतात. ‘डाउनटन ॲबी’ची गोष्ट तर याहून गमतीची आहे. इंग्रजी सरंजामी घराण्याचे हे अस्सल ब्रिटिश चित्रण कार्निव्हल फिल्म्स या संस्थेने केले आणि ती संस्था २००८ पासून अमेरिकेच्या एनबीसी युनिव्हर्सलच्या मालकीची आहे. अमेरिकी कंपनीची मालिका अमेरिकी प्रेक्षकाला ब्रिटनमार्गे आणि तीही साडेतीन महिने उशिरा मिळत होती!

ब्रिटिश मालिका आणि अमेरिकी प्रेक्षक यांच्या नात्याची सुरुवात शोधायची तर १९६० च्या दशकाच्या अखेरीस जावे लागते. बीबीसी टू वाहिनीने १९६७ मध्ये ‘द फोर्साइट सागा’ ही २६ भागांची कृष्णधवल मालिका दाखवली. १९६९ मध्ये ती अमेरिकेतील शैक्षणिक वाहिन्यांच्या जाळ्यावर आली आणि एका श्रीमंत इंग्रज कुटुंबातील भाऊबंदकी पाहण्यासाठी तिथले लोक दर आठवड्याला पडद्यासमोर बसू लागले. ही गोडी हेरून बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक केंद्राने मोबिल या तेलकंपनीच्या पैशावर ‘मास्टरपीस थिएटर’ नावाचे सदर सुरू केले. १० जानेवारी १९७१ रोजी ‘द फर्स्ट चर्चिल्स’ या मालिकेने त्याचा आरंभ झाला. सदराचे सूत्रधार ॲलिस्टर कुक हे जन्माने इंग्रज आणि नागरिकत्वाने अमेरिकी. रेडिओवरून ते ब्रिटनला अमेरिका समजावून सांगत आणि या सदरात खुर्चीत बसून अमेरिकेला ब्रिटन समजावून सांगत. १९९२ पर्यंत त्यांनी हे काम केले. आजच्या भागात कोणत्या राजाचा उल्लेख येतो, त्या काळी घटस्फोट घेणे किती अवघड होते, घरातील मुख्य नोकराचा मान केवढा असे, हे ते प्रत्येक भागाच्या आधी दोन-चार मिनिटांत सांगत. त्यामुळे परक्या समाजाची कथा प्रेक्षकाला परकी वाटत नसे. परदेशी कार्यक्रम रुजवण्याची याहून सोपी आणि स्वस्त युक्ती पुढे कोणाला सापडलेली दिसत नाही.

तेलकंपनीने इंग्रजी नाटकांवर पैसे का खर्च करावेत? १९७० च्या दशकात इंधनटंचाई आणि दरवाढीमुळे तेलकंपन्यांवर लोकांचा राग होता, आणि सुसंस्कृत, सुशिक्षित वर्गात आपली प्रतिमा उजळावी अशी मोबिलची इच्छा होती. पीबीएस म्हणजे ‘पेट्रोलियम ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’, अशी थट्टा त्या काळी होत असे ती यावरूनच. दुसरीकडे सार्वजनिक केंद्रांकडे स्वतः भव्य नाट्यमालिका निर्माण करण्याइतका पैसा नव्हता. ब्रिटनमध्ये तयार झालेली उत्तम मालिका विकत घेणे त्यांना कितीतरी स्वस्त पडत असे. तेलकंपनीला प्रतिष्ठा, वाहिनीला कार्यक्रम आणि ब्रिटिशांना वरकमाई मिळत असल्याने हा व्यवहार टिकला. त्याच वाटेने १९७४ मध्ये ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’, १९७७ मध्ये ‘आय, क्लॉडियस’ आणि १९८४ च्या अखेरीस ‘द ज्युएल इन द क्राउन’ अमेरिकेत पोहोचल्या. यातली शेवटची मालिका भारतातील ब्रिटिश राजवटीच्या अखेरच्या वर्षांची आणि तिचे काही चित्रीकरण उदयपूर व म्हैसूर येथे झालेले. आपल्या स्वातंत्र्यापूर्वीच्या काळाची कितीतरी अमेरिकनांच्या मनातील प्रतिमा ही अशी ब्रिटिश कॅमेऱ्यातून आणि तेलकंपनीच्या पैशातून आलेली आहे.

पीबीएस ही दूरदर्शनसारखी एका केंद्रातून चालणारी वाहिनी नाही, हेही इथे लक्षात घ्यावे लागते. देशभरातील तीनशेहून अधिक स्वतंत्र स्थानिक केंद्रे तिची सभासद आहेत, आणि मुख्य सदरे सोडली तर कोणते कार्यक्रम घ्यायचे व केव्हा दाखवायचे हे बऱ्याच अंशी ती केंद्रेच ठरवतात. ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’ किंवा ‘आर यू बीइंग सर्व्ड?’ यांसारख्या विनोदी मालिका अनेक शहरांत शनिवारी संध्याकाळी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा दाखवल्या गेल्या. एका शहरात एखादी मालिका सर्वांच्या तोंडी आणि शेजारच्या राज्यात तिचे नावही कोणी ऐकलेले नाही, असे त्यामुळे सहज घडे. ही केंद्रे प्रेक्षकांच्या देणग्यांवर चालतात, आणि देणग्या गोळा करण्याच्या काळात हुकमी एक्का म्हणून ब्रिटिश विनोदी मालिका बाहेर काढल्या जात. ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ ही बीबीसीची विनोदी प्रहसनांची मालिकासुद्धा अमेरिकेत प्रथम दाखवली ती न्यूयॉर्कच्या कुठल्या बड्या वाहिनीने नव्हे, तर डॅलसच्या केईआरए या सार्वजनिक केंद्राने, १९७४ मध्ये.

हीच मालिका व्यावसायिक वाहिनीकडे गेल्यावर जे झाले, त्यातून दोन्ही देशांच्या दूरचित्रवाणीतील फरक फार स्पष्ट दिसतो. एबीसी वाहिनीने तीन-तीन भाग एकत्र करून दीड तासाचे दोन विशेष कार्यक्रम दाखवण्याचे ठरवले. बीबीसीवर जाहिराती नसतात, त्यामुळे तिथला अर्ध्या तासाचा भाग जवळजवळ पूर्ण अर्धा तास चालतो. एबीसीला मात्र जाहिराती घालायच्या होत्या, शिवाय काही विनोद तिला आक्षेपार्ह वाटत होते. ऑक्टोबर १९७५ मध्ये पहिला कार्यक्रम लागला तेव्हा ९० मिनिटांतील २४ मिनिटे कापलेली होती. विनोदाची पूर्वतयारी शिल्लक आणि नेमका शेवट गायब, अशी काही प्रहसनांची अवस्था झाली होती. डिसेंबरमधील दुसऱ्या कार्यक्रमाआधी कलावंतांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात धाव घेतली. त्यांचे म्हणणे असे, की बीबीसीबरोबरच्या करारानुसार संहितेत किरकोळ फेरफारांपलीकडे काहीही बदलण्याची मुभा नव्हती. जो हक्क बीबीसीकडेच नव्हता तो पुढे विकला कसा जाईल? दुसरा कार्यक्रम थांबला नाही, परंतु १९७६ मध्ये अपील न्यायालयाने कलावंतांची बाजू उचलून धरली. लेखकाच्या नावावर त्याच्या कृतीचे विद्रूप रूप दाखवू नये, हे तत्त्व सांगताना अमेरिकेतील कायद्याचे विद्यार्थी आजही या खटल्याचा दाखला देतात.

अमेरिकी प्रेक्षकांना या मालिकांमध्ये एवढे काय आवडते, याची उत्तरे ऐकली तर ती फिरून याच आर्थिक मुळांशी येतात. ब्रिटिश मालिकेचा एक हंगाम बहुधा सहा-आठ भागांचा असतो, अनेकदा एकाच लेखकाच्या हातचा असतो, आणि कथा संपली की मालिकाही संपते. अमेरिकी व्यावसायिक वाहिन्यांचा हंगाम मात्र वर्षानुवर्षे २२ भागांच्या आसपास राहिला, कारण शंभराच्या घरात भाग जमले म्हणजे त्या मालिकेचे पुनःप्रक्षेपण देशभरातील केंद्रांना विकता येते आणि खरा नफा तिथेच असतो. ‘द ऑफिस’ची मूळ ब्रिटिश मालिका दोन हंगामांचे १२ भाग आणि वर नाताळचे विशेष भाग एवढ्यावर आटोपली, तिच्या अमेरिकी अवताराचे २०१ भाग झाले. मूळ मालिका पाहिलेले अमेरिकी प्रेक्षक तिच्या कोरड्या, अंगावर येणाऱ्या विनोदाचे जे कौतुक करतात, त्यातील निम्मे श्रेय वेळीच थांबण्याला द्यावे लागेल. टीव्ही पाहणाऱ्या घरांकडून घेतल्या जाणाऱ्या सक्तीच्या परवाना शुल्कावर (२०२५ मध्ये वर्षाला १७४.५० पौंड) चालणाऱ्या बीबीसीला भागांची संख्या फुगवून नफा काढण्याची गरज नसते, म्हणून हे थांबणे परवडते.

दुसरे आकर्षण चेहऱ्यांचे आहे. ब्रिटिश गुन्हेकथेतील पन्नाशीची पोलीस अधिकारी पन्नाशीचीच दिसते, थकलेली असते, आणि तिचा कोट पावसात खरोखर भिजलेला असतो. रंगभूमीवर घडलेले तेच तेच समर्थ नट वेगवेगळ्या मालिकांत वेगवेगळ्या वयात भेटत राहतात, आणि या नटाला आपण आधी कुठे पाहिले होते हे आठवणे हा सराईत प्रेक्षकांचा एक खेळच होऊन बसतो. उच्चारांची अडचण येते, ग्लासगो किंवा यॉर्कशायरची बोली कानाला झेपत नाही, परंतु पडद्याखालची अक्षरे सुरू केली की काम भागते. दाट चहा, जुने वाडे, हिरवी कुरणे आणि शांत खेड्यात दर आठवड्याला पडणारा नवा मुडदा यांचेही आकर्षण आहेच; ते नाकारण्यात अर्थ नाही.

केबलच्या काळात वाटा वाढल्या. १९९५ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेत ए अँड ई या अमेरिकी केबल वाहिनीने भांडवल घातले होते. मार्च १९९८ मध्ये बीबीसी अमेरिका ही स्वतंत्र वाहिनी सुरू झाली, तेव्हा चाहत्यांना वाटले की आता लंडनचा सगळा खजिना खुला झाला. पण ही वाहिनी जाहिरातींवर चालणारी होती. जवळजवळ तासभराचा बीबीसीचा भाग जाहिरातींसह तासात बसवायचा तर कात्री लावावी लागते, नाहीतर वेळापत्रक ताणावे लागते. हळूहळू तिथे ‘स्टार ट्रेक’च्या जुन्या अमेरिकी मालिकांचे भागही लागू लागले आणि वाहिनीच्या नावातील बीबीसीला फारसा अर्थ उरला नाही. एएमसी नेटवर्क्सने २०१४ मध्ये तिचा ४९.९ टक्के हिस्सा २० कोटी डॉलरला घेतला होता. २०२४ मध्ये उरलेला निम्म्याहून थोडा मोठा हिस्सा तिने अवघ्या ४.२ कोटी डॉलरला घेतला. केबलची सद्दी कशी ओसरली हे या दोन आकड्यांतून कळते.

आज सारा भर स्ट्रीमिंगवर आहे. एकॉर्न टीव्ही २०११ मध्ये सुरू झाले आणि गुन्हेकथांच्या शौकिनांनी ते उचलून धरले. मार्च २०१७ मध्ये बीबीसीची व्यावसायिक शाखा आणि आयटीव्ही यांनी मिळून ब्रिटबॉक्स आणले. २०२४ मध्ये आयटीव्हीचा निम्मा हिस्सा २५.५ कोटी पौंडांना घेऊन बीबीसी स्टुडिओज त्याचा एकटा मालक झाला. स्थानिक सार्वजनिक केंद्राला ठरावीक देणगी देणाऱ्यांना पीबीएस पासपोर्टवर मालिका पाहता येतात. ‘पीकी ब्लाइंडर्स’ नेटफ्लिक्सवर, ‘फ्लीबॅग’ ॲमेझॉनवर. ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ ही केक करण्याची सुप्रसिद्ध ब्रिटिश स्पर्धासुद्धा अमेरिकेत वेगळ्या नावाने, ‘द ग्रेट ब्रिटिश बेकिंग शो’ म्हणून दाखवली जाते, कारण ‘बेक-ऑफ’ हा शब्द तिथे पिल्सबरी या पीठकंपनीचा नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे आणि कंपनीची त्या नावाची स्पर्धा १९४९ पासूनची आहे. आधी पीबीएसने तिचे हंगाम मूळ क्रम न पाळता दाखवले, मग नेटफ्लिक्सने स्वतःची वेगळी मोजणी सुरू केली. त्यामुळे अमेरिकी चाहता तिसरा हंगाम म्हणतो तेव्हा ब्रिटिश चाहत्याला तो कोणता हे विचारावेच लागते.

एकाच मालिकेचा प्रवास पाहिला तर हा गुंता नीट उमगतो. ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. अमेरिकेत ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस रुजली ती सार्वजनिक केंद्रांवरून. १९९६ मध्ये तिचा एक दूरचित्रपट फॉक्सने दाखवला. २००५ मध्ये मालिका नव्याने सुरू झाली, तेव्हा अमेरिकी प्रेक्षकांना ती मार्च २००६ मध्ये साय-फाय वाहिनीवर, म्हणजे वर्षभराने दिसली. पुढे ती बीबीसी अमेरिकाकडे आली. २०१३ मधील पन्नासाव्या वर्धापनदिनाचा भाग ९४ देशांत एकाच वेळी दाखवून बीबीसीने, हवे असेल तेव्हा उशीर टाळता येतो, हे सिद्ध केले. २०२३ पासून नवे भाग डिस्ने प्लसवर आले, आणि २०२५ मध्ये डिस्ने या करारातून बाहेर पडली. दरम्यान विसाव्या शतकातील भाग ब्रिटबॉक्सवर, तर २००५ नंतरचे एचबीओ मॅक्सवर गेले होते. पहिल्यापासून सगळे भाग पाहायचे म्हटले, तर तीन वर्गण्या लागाव्यात अशी ही स्थिती.

मग थेट बीबीसीचे आयप्लेअर ॲप उघडून का पाहू नये? ते ब्रिटनबाहेर चालत नाही. त्याचा खर्च ब्रिटिश परवानाधारक देतात, आणि परदेशातील हक्क विकले गेले असताना तेच कार्यक्रम तिथे खुले ठेवले तर विकत घेणाऱ्याने पैसे कशासाठी मोजावेत? २०११ मध्ये आयप्लेअरची सशुल्क आंतरराष्ट्रीय आवृत्ती निघाली होती. ती युरोप, कॅनडा व ऑस्ट्रेलियापर्यंत गेली, अमेरिकेत आलीच नाही, आणि २०१५ मध्ये बंद झाली. काही जण व्हीपीएन वापरून आपण लंडनमध्ये असल्याचे भासवतात, पण ते सेवेच्या अटींचे उल्लंघन ठरते. यापूर्वी हेच कुंपण तांत्रिक होते. ब्रिटनची ६२५ रेषांची पॅल पद्धत आणि अमेरिकेची ५२५ रेषांची एनटीएससी पद्धत जुळत नसल्याने लंडनहून आणलेली व्हिडिओ कॅसेट न्यूयॉर्कच्या यंत्रावर चालत नसे. डीव्हीडी आली तेव्हा कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले आणि एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागातील यंत्रावर चालू नये असे आकडे घालून तीच अडचण मुद्दाम कायम ठेवली.

एवढ्या दारांतून जे आत येते, ते ब्रिटिश दूरचित्रवाणीचे प्रातिनिधिक रूप नसते. ब्रिटनमध्ये आठवड्यातून अनेकदा लागणारी ‘ईस्टएंडर्स’ आणि १९६० पासून सुरू असलेली ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या कामगारवस्तीतील मालिका तिथल्या सामान्य माणसाच्या जगण्याचा भाग आहेत; अमेरिकेत त्यांचा प्रेक्षक नेहमीच मूठभर राहिला. चालू राजकारणावरच्या विनोदी चर्चा आणि प्रश्नमंजूषा सहसा निर्यात होत नाहीत, कारण त्यांतील संदर्भ आठवड्यात शिळे होतात. संगीताची अडचण निराळीच. ब्रिटिश वाहिन्या सामुदायिक परवान्याखाली मायदेशात हवी ती गाणी वापरू शकतात. परदेशी विक्रीच्या वेळी मात्र एकेका गाण्याचा हक्क मिळवावा लागतो किंवा ते बदलावे लागते. उरतात त्या ऐतिहासिक पोशाखी मालिका, खुनाचे तपास आणि केक. ‘ब्रिटिश मालिका म्हणजे अभिजात’ हा अमेरिकेतील समज पन्नास वर्षे अशा निवडक मालावर पोसलेला आहे. सामान्य आणि टुकार कार्यक्रम ब्रिटनमध्येही भरपूर होतात, ते समुद्र ओलांडत नाहीत इतकेच.

या आवडीची किंमत आता ब्रिटनलाही जाणवते आहे. महागड्या नाट्यमालिकेचा सगळा खर्च ब्रिटिश वाहिनी एकटी उचलत नाही. अमेरिकी भागीदार आधीच पैसे घालतो, तेव्हा चित्रीकरण सुरू होते. ‘किलिंग ईव्ह’ तर बीबीसी अमेरिकेनेच करवून घेतली असल्याने एप्रिल २०१८ मध्ये आधी अमेरिकेत लागली आणि ब्रिटिशांना सप्टेंबरपर्यंत वाट पाहावी लागली. अलीकडे हा पैसा आटत चालला आहे. ‘वुल्फ हॉल’ या ऐतिहासिक मालिकेचा २०२४ मधील दुसरा हंगाम पूर्ण व्हावा म्हणून निर्माता, लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख अभिनेता यांनी आपल्या मानधनाचा मोठा हिस्सा सोडला, असे दिग्दर्शक पीटर कोझमिन्स्की यांनी ब्रिटिश संसदेच्या समितीला कळवले. जानेवारी २०२४ मधील ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ या मालिकेने ब्रिटनमध्ये १ कोटीहून अधिक प्रेक्षक मिळवले आणि टपाल कार्यालये चालवणाऱ्या ज्या दुकानदारांवर पोस्ट ऑफिसने पैशांच्या अफरातफरीचा खोटा आळ घेतला होता त्यांच्या प्रश्नावर सरकारला कायदा करायला भाग पाडले, तरीही ती तोट्यातच गेल्याचे आयटीव्हीने सांगितले. इतक्या स्थानिक विषयाला परदेशी बाजारात मोल मिळाले नाही. आणि २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रक्षेपणासाठी मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर काढून घेतल्यामुळे, ज्या स्थानिक केंद्रांच्या वर्गणीतून पीबीएस असे कार्यक्रम विकत घेते, त्या केंद्रांपैकी अनेकांपुढे चालू राहायचे कसे हाच प्रश्न उभा आहे.